पेटीची चावी कुणाकडे?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

मी मढहून बोलतेय. मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बस धरली की आक्सा, एरंगळ मागे टाकत ती आमच्या गावात येते. जेट्टीवरून बोटीनं खाडी ओलांडली की पलीकडे वर्सोवा. कागदावर आम्ही मुंबईत, पण आमचं रोजचं जगणं गावाचं. किनाऱ्याला होड्या, वलांड्यांवर वाळणारे बोंबील, हरबादेवीचं देऊळ, आणि दुपारी दारात बसून सुकट निवडणाऱ्या बायका.

मी इथल्या बचत गटांची समन्वयक आहे. म्हणजे रजिस्टर तपासायची, बँकेत बरोबर जायचं, भांडणं झाली तर दोघींना समोर बसवायचं. एरवी मी तुमच्याशी बोलले असते ते कर्जावर, हप्त्यांवर, नाहीतर पापड-मसाल्यांच्या विक्रीवर. आज मात्र मी वाचनालयाबद्दल बोलणार आहे. थांबा, रेडिओ बंद करू नका. हा विषयही बचत गटाचाच आहे, आणि तो कसा, तेच सांगायचंय.

सुरुवात एका सहीपासून झाली. आमच्या गटातल्या एका मावशींना कर्ज मंजूर झालं होतं. आम्ही बँकेत गेलो. समोर चार-पाच पानांचा कागद आला. साहेबांनी बोट ठेवलं तिथं मावशींनी सही केली. सही छान, वळणदार. बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्यांनी मला विचारलं, "अगो, त्यात लिवलंय काय?"

मला वाटलं, चष्मा विसरल्या असतील. तसं नव्हतं. मावशी चौथी पास आहेत. अक्षरं सगळी ओळखतात, बसची पाटी वाचतात, पासबुकातले आकडे तर माझ्यापेक्षा लवकर वाचतात. पण ओळीमागून ओळ वाचत जायचं म्हटलं की अडतात. तीन ओळी झाल्या की पहिली विसरते. का? तर शाळा सुटल्यावर चाळीस वर्षांत त्यांच्या हातात वाचायला काही आलंच नाही. घरात कॅलेंडर आणि देव्हाऱ्यातली एक पोथी, बस. कोयती वर्षभर वापरली नाही तर गंजते ना, तसं झालं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी एखादी नक्की असेल. निरक्षर म्हणून तिची कुठे नोंद नसते, आणि वाचता येतं असंही म्हणता येत नाही. साक्षरतेचे वर्ग तिच्यासाठी नसतात, कारण तिला सही येते. तिला हवं असतं साधं, मोठ्या अक्षरातलं, आवडेल असं काहीतरी, हाताला लागेल इतक्या जवळ. वाचनालय म्हटलं की आपल्याला मोठी इमारत, लाकडी कपाटं आणि गप्प बसलेली शिकलेली माणसं दिसतात. मला त्या दिवसापासून त्या मावशी दिसतात.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. आपल्या वस्तीत पुस्तकं ठेवूया का? आमच्या कोषाध्यक्ष ताई लगेच म्हणाल्या, "पुस्तकानं पोट भरतं का? गटाच्या पैशाला मी हात लावू देणार नाही." मला तेव्हा राग आला, पण आज सांगते, त्यांचं बरोबर होतं. बचतीचा पैसा एकीच्या बाळंतपणाला, दुसरीच्या जाळ्याला लागतो. त्यातून पुस्तकं घेतली असती आणि महिनाभरानं कुणाला दवाखान्याला पैसे कमी पडले असते, तर पुस्तकांवरच राग निघाला असता. मग ठरलं असं, की बचतीला हात लावायचा नाही. जिला इच्छा आहे तिनं महिन्याला दहा रुपये वेगळे द्यायचे, त्याची वही वेगळी ठेवायची. पहिल्या महिन्यात सात जणींनी दिले. कोषाध्यक्ष ताईंनी दिले नाहीत, पण ती वेगळी वही मात्र त्यांनीच आखून दिली.

एकीनं लग्नातली पत्र्याची ट्रंक दिली. तीच आमची पेटी. शनिवारी दुपारी तीन ते पाच एका घराच्या ओट्यावर ती उघडायची. तीन का, तर आमच्याकडे सकाळ मासळीची असते. होडी कधी लागणार ते भरती-ओहोटीवर ठरतं, मग मासळी निवडायची, बाजाराला जायचं. अकरा ते पाच असं सरकारी वेळेचं वाचनालय आमच्या बाईच्या काय कामाचं? तुमच्याकडे शेत असेल तर तुमची वेळ आणखी वेगळी असेल. वाचनालयाची वेळ बाईच्या कामाकडे बघून ठरवायची, हा आमचा पहिला धडा.

दुसरा धडा देणगीचा. पुस्तकं हवीत असं आम्ही चार ठिकाणी बोललो आणि एका गृहस्थांनी टेम्पोनं चार पोती पाठवली. आम्ही नारळ फोडायच्या बेतात होतो. पोती सोडली तर काय निघालं? जुन्या परीक्षांची गाइडं, कुठल्याशा कंपनीचे इंग्रजी अहवाल, पानं सुटलेल्या डायऱ्या. चार पोत्यांत आमच्या कामाची पुस्तकं निघाली अकरा. बाकीचं रद्दीला गेलं, आणि रद्दीच्या पैशातून आम्ही मुलांची नवी पुस्तकं आणली. तेव्हापासून देणगी घेताना आम्ही स्पष्ट सांगतो, 'आम्ही आधी निवडू, मग घेऊ.' फुकट मिळतंय म्हणून पेटी भरू नका. नको असलेल्या पुस्तकांनी भरलेली पेटी बाई एकदाच उघडते.

तिसरा धडा पावसाचा. समुद्राची हवा दमट. पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरली, पानं एकमेकांना चिकटली. मी हताश झाले. पण आमच्या बायका हसल्या. बोंबील वाळवणाऱ्यांना पुस्तक वाळवायला कुणी शिकवायचं? ऊन पडलं की पुस्तकं उभी करून पानं मोकळी करायची, कडक उन्हात फार वेळ ठेवायची नाहीत, ट्रंकेत कडुनिंबाचा सुकलेला पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवायच्या, ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवायची. ही सगळी अक्कल आमच्याकडे आधीच होती, फक्त ती पुस्तकांसाठी कधी वापरली नव्हती.

आता चौथा धडा सांगते. खरं तर त्याच्यासाठीच मी आज इथं आलेय.

ज्या ताईंच्या ओट्यावर पेटी होती, त्याच सगळं करायच्या. उघडायच्या, नोंद ठेवायच्या, पुस्तक परत आणायला घरोघर जायच्या. आम्ही सगळ्या म्हणायचो, "किती करते गो ही!" आणि घरी जायचो. मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. त्या दोन महिने मुलीकडे गेल्या. पेटीची चावी त्यांच्याबरोबर गेली. आणि हे दोन महिने कुठले? जून आणि जुलै. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, बाईला वर्षात जरा सवड मिळते ती तेव्हाच. वाचायचा हंगाम आला आणि पेटीला कुलूप! ताई परत आल्या तेव्हा अर्ध्या जणींनी पुस्तकांचा नाद सोडला होता.

दोष ताईंचा नव्हता, आमचा होता. एका बाईच्या चांगुलपणावर आम्ही सगळं टाकलं आणि त्याला वाचनालय म्हटलं. मैत्रिणींनो, गावातली कितीतरी चांगली कामं अशीच बंद पडतात. पैसा नसतो म्हणून नाही, तर चावी एकीकडेच असते म्हणून.

हे कळल्यावर मी इतर ठिकाणी काय चाललंय ते बघायला लागले. तीन उदाहरणं सांगते, तिन्ही आपल्या महाराष्ट्रातली.

पहिलं नाशिकजवळचं. मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरजवळ दहावा मैल नावाची जागा आहे. तिथं भीमाबाई जोंधळे या आजींचं हॉटेल आहे. लोक त्याला 'आजीचं पुस्तकांचं हॉटेल' म्हणतात. आजींना शाळेची आवड होती, पण लहान वयात लग्न झालं आणि शिक्षण राहून गेलं. चहाच्या टपरीपासून त्यांनी धंदा सुरू केला. गिऱ्हाईक जेवण येईपर्यंत नुसतं मोबाइलमध्ये बघत बसतं, त्यापेक्षा त्याच्यासमोर पुस्तक ठेवूया, असा साधा विचार. थोड्या पुस्तकांनी सुरुवात झाली आणि आज तिथं हजारोंनी पुस्तकं आहेत. वेगळी इमारत नाही, वेगळा पगारी माणूस नाही. जिथं माणूस रोज येतो आणि थोडा वेळ थांबतो, तिथं पुस्तक ठेवलं. आपल्या गावात अशी जागा कुठली? पिठाची गिरणी, अंगणवाडी, रेशनचं दुकान, दवाखान्याबाहेरचं बाकडं, आमच्याकडे जेट्टीवरची शेड. ओट्यापेक्षा तिथं बाई जास्त वेळ थांबते.

दुसरंही नाशिकचंच. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुस्तकांची एक पेटी एका वस्तीतल्या वाचकांच्या गटाकडे द्यायची. त्यांच्यातला एक जण ती आपल्या घरी ठेवतो, स्वतःहून नोंदी बघतो. काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे आणि त्यांची पेटी इकडे. पुस्तकांसाठी पैसा कुठून आला? लोकांनी वाढदिवसाला, घरातल्या शुभकार्याला देणगी दिली. या पेट्या नाशिकमधून निघून महाराष्ट्रभर आणि पार परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. यातली युक्ती लक्षात आली का? दहा गटांनी प्रत्येकी तीस पुस्तकं घेतली आणि पेट्या फिरवल्या, तर प्रत्येक गटाला तीनशे पुस्तकं वाचायला मिळतात. पैसे तीसचे, वाचन तीनशेचं. बचत गटाच्या बायकांना हा हिशेब समजवायला नको. आपले गट तर ग्रामसंघात आधीच एकमेकींना बांधलेले आहेत.

हे काही आजचंच नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याला सयाजीराव गायकवाड महाराजांनी गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या होत्या, आणि गावाला त्याचं भाडंही पडत नसे. गावात वाचनालय काढायचं तर त्यांचा नियम असा, की गावानं आधी आपला वाटा गोळा करायचा, मग पंचायत आणि सरकार त्यात आपापला वाटा घालणार. म्हणजे गावानं आधी हात लावायचा. आपल्या गटालासुद्धा बँक आधी बचत बघते आणि मगच कर्ज देते, तसंच.

तिसरं उदाहरण भिलार. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं, स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते देशातलं पहिलं 'पुस्तकांचं गाव' झालं. ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतली. तिथं पुस्तकांची दुकानं आहेत. भिलारला मात्र विकत घ्यायची गरज नाही, बसा आणि फुकट वाचा. योजना सरकारची, पुस्तकं राज्य मराठी विकास संस्थेची. पण जागा कुणाची? गावकऱ्यांची. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली. कुणाच्या घरातली पुढची खोली, कुठे देऊळ, कुठे शाळा, कुठे लॉज. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्या घरात बालसाहित्य, तिसऱ्या घरात इतिहास, असं वाटून घेतलं. परका माणूस आपल्या घरात येऊन तासभर बसणार, त्याला पाणी द्यायचं, तो गेला की पुस्तकं जागेवर लावायची. हे काम घरातली माणसं करतात, आणि घरातली माणसं म्हणजे बहुतेक वेळा कोण, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मला भिलारचं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं? चावी अनेक ठिकाणी आहे. एक घर लग्नात गुंतलं, एक दार आठवडाभर बंद राहिलं, तरी गावातली बाकीची दारं उघडी असतात.

आम्हीही मग तेच केलं, आमच्या ताकदीप्रमाणे. एका ट्रंकेच्या तीन लहान पेट्या केल्या. एक कोळीवाड्यात, एक वरच्या वस्तीत, एक एरंगळच्या एका ईस्ट इंडियन मावशींच्या पडवीत. प्रत्येक पेटीला दोन चाव्या, दोन वेगळ्या घरांत. शनिवारची पाळी भिशीसारखी चिठ्ठ्या टाकून ठरवली, आणि पाळीचा कागद गटाच्या रजिस्टरला चिकटवला. मासिक बैठकीत हप्ते वाचून झाले की दोन मिनिटं पेटीची. किती पुस्तकं गेली, किती आली, कुणाकडे अडकलंय. बस. ज्या दिवशी पेटी गटाच्या अजेंड्यावर आली, त्या दिवसापासून ती माझी राहिली नाही, सगळ्यांची झाली.

इथं मला एका मोठ्या माणसाचं नाव घ्यायचंय. एस. आर. रंगनाथन. तमिळनाडूत १८९२ साली जन्मले, आधी गणिताचे शिक्षक होते, मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्यांनी १९३१ साली वाचनालयाची पाच सूत्रं सांगितली. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. आणि वाचनालय ही वाढत राहणारी, जिवंत गोष्ट आहे. त्याच साली मन्नारगुडीला बैलगाडीतून खेड्यापाड्यांत पुस्तकं न्यायला सुरुवात झाली, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती.

पाच सूत्रं ऐकून मला हसू आलं, कारण पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि नीट हिशेब. आता यात पैशाऐवजी पुस्तक ठेवून बघा. ठरल्या दिवशी जमायचं. थोडं थोडं साठवायचं. साठलेलं कुलपात न ठेवता एकमेकींना वापरायला द्यायचं. वेळेवर परत करायचं. आणि लिहून ठेवायचं. वाचनालय चालवायला याच्यापेक्षा वेगळं काय लागतं? जी बाई दहा वर्षं बचत गट चालवते, तिला वाचनालय चालवता येतं. शिकलेल्या माणसाची वाट बघायची गरज नाही.

आता पेटीत काय ठेवायचं? आम्ही काय केलं ते सांगते. निम्मी पुस्तकं मुलांची. मुलं ओढून आणतात म्हणून आया येतात, आणि मुलाला वाचून दाखवता दाखवता आईचं वाचन सुधारतं, कुणी हसत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही मुलं आवडीनं वाचतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, चित्रं मोठी असतात. मग आरोग्याची, कायद्याची सोपी पुस्तकं, पाककृती, आणि बायकांनी स्वतःबद्दल लिहिलेली पुस्तकं.

या शेवटच्यांबद्दल थोडं बोलू दे. लक्ष्मीबाई टिळक लग्न झाल्यावर लिहायला-वाचायला शिकल्या आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. फलटणच्या बेबी कांबळे यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला आलेले रद्दीचे कागद त्या वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यातून 'जिणं आमचं' झालं. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. त्या गेल्या १९५१ साली, आणि पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग आमची लग्नातली गाणी कोण लिवून ठेवणार?" आता आमच्या एका पेटीत एक कोरी वही असते. आठवेल तशी गाणी मुली लिहून घेतात. सोळा पानं भरलीत.

पुढे वाढायचं असेल तर सरकारी रस्ताही आहे. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता आणि अनुदान मिळतं. त्यासाठी संस्थेची रीतसर नोंदणी, ठरावीक पुस्तकं आणि वाचक, ठरलेली वेळ आणि दप्तर लागतं. त्या अटी आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तोंडी ऐकू नका, लेखी घ्या. पण एक सांगते, अनुदानाची वाट बघत सुरुवात थांबवू नका. आधी दोन वर्षं पेटी चालवा. तुमचं नोंदीचं रजिस्टर हीच तुमची पत. ते घेऊन गेलात तर कुणालाही ऐकावं लागतं.

खर्च कमी असला तरी कष्ट कमी नाहीत, हेही खरं सांगायला हवं. पुस्तकं हरवतात. पहिल्या वर्षी आमची नऊ गेली. दंड लावायचा का, यावर भांडण झालं. दंड लावला तर बाई पुस्तक परत करायला येतच नाही, ती तोंड चुकवते, असं दिसलं. म्हणून आम्ही दंड काढून टाकला. पुस्तक हरवलं तर दुसरं कुठलंही एक आणून द्यायचं, नाहीतर एक शनिवार जादा पाळी करायची. काही जणी जादा पाळी करता करता नेमानं यायला लागल्या. आणि काही नवऱ्यांना अजून वाटतं, ओट्यावर बसून बायका चकाट्या पिटतात. पिटतातही. पुस्तक घ्यायला आलेली बाई दहा मिनिटं बोलून गेली तर बिघडलं काय? तेवढंच तिचं बाहेर पडणं.

तर आता तुमच्याकडून काय हवंय? तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. एक, गटात किती जणींना सही येते पण पान वाचून होत नाही, ते एकमेकींना प्रेमानं विचारा. कुणाला लाजवू नका. दोन, प्रत्येकीनं घरातलं एक पुस्तक आणा, मुलाचं मागच्या इयत्तेचं का असेना. तीन, पेटी कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी चावी कुणाकुणाकडे राहील ते ठरवा. निदान दोन घरं, निदान चार जणींची पाळी. ते ठरलं नाही तर सुरू करू नका. ते ठरलं तर दहा पुस्तकांवरही सुरू करा.

जाता जाता त्या मावशींचं सांगते. त्यांनी पहिल्यांदा नेलं ते नातीसाठी चित्रांचं पुस्तक. सगळं मिळून बारा ओळींचं. ते त्यांनी तीन शनिवार ठेवलं. मग दुसरं नेलं. मासेमारी बंद होती तेव्हा नात वाचायची आणि चुकली की मावशी टोकायच्या, मग मावशी वाचायच्या आणि नात टोकायची. दीड वर्षानं त्यांनी पुन्हा कर्ज घेतलं, जाळ्यांसाठी. मी बरोबर होते. साहेबांनी नेहमीसारखं बोट ठेवलं, "इथं सही करा मावशी." मावशींनी पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "थांबा जरा, मी वाचते."

वीस मिनिटं लागली. मागची रांग कुरकुरली. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मावशी बोटानं ओळ धरून वाचत होत्या. एका शब्दावर अडल्या, त्याचा अर्थ त्यांनी साहेबांनाच विचारला, आणि त्यांना सांगावा लागला. मग सही केली. तीच जुनी, वळणदार.

गेल्या चिठ्ठ्यांमध्ये कोळीवाड्यातल्या पेटीची एक चावी त्यांच्याकडे आलीय. दुसरी कोषाध्यक्ष ताईंकडे. हो, त्यांनी दहा रुपये द्यायला कधीच सुरुवात केली आहे.

तुमच्या गावातली चावी कुणाकुणाकडे असेल, ते बैठकीत ठरवा आणि आपल्या केंद्रावर कळवा.